पुढचा ब्रेक धरतोय? आधी दाब कुठे अडकलाय ते शोधा, मग पान्हा लावा

जुन्या मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक धरायला लागला, म्हणजे लिव्हर सोडल्यावरही चाक मोकळं होईना, की पुष्कळदा सरळ कॅलिपर (चाकापाशी डिस्कला दोन्हीकडून दाबणारा भाग) उघडला जातो. आतले सील बदलतात, बिल होतं, आणि थोड्याच दिवसांत ब्रेक पुन्हा धरायला लागतो. दोष असतो वर, हँडलपाशी मास्टर सिलिंडरमध्ये, आणि खर्च होतो खाली चाकापाशी. म्हणून माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: दाब नेमका कुठे अडकतोय ते आधी शोधायचं, आणि मगच भाग सोडायचे. हे शोधायला एक छोटा रिंग पान्हा, हातभर पारदर्शक नळी आणि थोडा धीर पुरतो. पहिल्यांदाच गाडीला हात लावणाऱ्यालाही ते जमतं.

१९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर आल्यावर पुढचा डिस्क ब्रेक आपल्याकडे घरोघरी दिसायला लागला. म्हणजे त्या पहिल्या गाड्या आता पंचवीस वर्षांच्या आसपास आहेत, आणि साताऱ्यात त्या अजून रोज चालतात. शिवाय आपल्या जिल्ह्यात या दुखण्याला दोन्ही बाजूंनी खतपाणी मिळतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मेढा, बामणोली, कास, ठोसेघर हा सगळा पट्टा पावसाळाभर ओला असतो. इकडच्या गाड्यांच्या कॅलिपरवर तांबडी माती थापली जाते, ती वाळते, तिच्याखाली ओल राहते आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना गंजतात. पूर्वेला माण-खटावात पाऊस कमी, पण फुफाटा भरपूर. ती बारीक धूळ पिस्टनच्या कडेला चिकटून बसते. आणि दोन्हीकडे सारखी गोष्ट म्हणजे पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोराची गाडी गावी पत्र्याखाली महिनोन्‌महिने उभी असते. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर जाम होते.

ब्रेक सुटतो कसा, हे आधी

लिव्हर दाबली की मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन ब्रेक ऑईल ढकलतो. ते होज पाईपमधून कॅलिपरमध्ये येतं, तिथला मोठा पिस्टन बाहेर सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण लिव्हर सोडल्यावर कॅलिपरचा पिस्टन मागे कोण ओढतं? तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं. ब्रेक दाबताना ते पिस्टनबरोबर किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढाच परतीचा प्रवास. त्यामुळे पिस्टनवर थोडी घाण, सीलमागे थोडा गंज किंवा ऑईलमध्ये थोडासा उरलेला दाब, यातलं काहीही एक असलं तरी पॅड डिस्कला धरून राहतात.

दुसरी गोष्ट वर आहे. लिव्हर पूर्ण सुटल्यावर ऑईलला मास्टर सिलिंडरवरच्या छोट्या टाकीत परत जायला त्या टाकीच्या तळाशी एक अगदी बारीक भोक असतं. तिथे सहसा दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. परतीचं काम या सुईएवढ्या भोकाचं. जुनं ऑईल घट्ट होऊन त्याचा चिकटा इथे बसला की दाब आत कोंडून राहतो. मी पाहिलेल्या धरणाऱ्या ब्रेकांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच भोकाकडे झालेलं असतं.

वाटेत धरला तर

घाट उतरताना गाडी जड वाटायला लागली, न्यूट्रल केल्यावर उतारावरही लवकर थांबायला लागली, पुढून जळका वास आला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा टणक झाली, तर कडेला थांबा. पुढे रेटू नका. घासणारा पॅड डिस्क तापवतो, डिस्कची उष्णता ऑईलमध्ये जाते, ऑईल फुगून आणखी दाबतं, आणि चाक अचानक अडकू शकतं. याच्या उलटही होतं. ऑईल उकळलं की त्यात वाफ धरते आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊनही ब्रेक लागत नाही. ब्रेक ऑईलच्या डब्यावर डॉट ३, डॉट ४ असा त्याचा प्रकार लिहिलेला असतो. नवं डॉट ३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ही दोन्ही ऑईलं हवेतली ओल शोषतात, आणि पाणी मुरल्यावर हाच आकडा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. पसरणी किंवा केळघर घाट उतरताना हा फरक जिवावर बेतणारा आहे.

तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकते. सावलीत गाडी लावा आणि थंड होऊ द्या. निवल्यावर चाक मोकळं झालं तरी दुखणं गेलं असं समजू नका. उतारावरून आणि रहदारीतून ती गाडी चालवत नेण्यापेक्षा टेम्पोत टाकून घरी आणलेली बरी.

तपासणी

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक उचला. कुणाला तरी गाडी धरायला उभं करा. चाक हाताने फिरवा. डिस्क ब्रेकमध्ये पॅडचा हलका घसारा असतोच, बारीक ‘खस्स’ आवाज येणं साहजिक आहे. चाक हाताच्या एका झटक्यात एखाद-दुसरा फेरा घेत असेल तर ब्रेक ठीक. आता लिव्हर चार-पाच वेळा जोरात दाबा, सोडा आणि लगेच पुन्हा फिरवा. आता चाक हलायलाच तयार नसेल, तर दोष तुमच्या हातात सापडला आहे. पुढच्या सगळ्या चाचण्या ब्रेक असा धरलेला असतानाच करायच्या आहेत. थंड, मोकळ्या झालेल्या गाडीवर केल्या तर त्यातून काहीच कळणार नाही. काही गाड्या गरम झाल्यावरच धरतात. त्या थोडं फिरवून आणून लगेच स्टँडवर घ्याव्या लागतात.

चाक सगळीकडे सारखं जड आहे की फेऱ्यात एकाच जागी अडतं, तेही पाहा. एकाच जागी अडत असेल तर डिस्क वाकलेली असू शकते आणि पुढचा बराचसा खटाटोप तुमच्यासाठी नाही. चाक पंक्चरसाठी नुकतं काढलं होतं का, हेही आठवा. एक्सल आवळण्याआधी पुढचे शॉकॲब्सॉर्बर दोन-चार वेळा दाबून बसवले नाहीत, तर शॉकचा पाय किंचित तिरका राहतो आणि कॅलिपर डिस्कवर आडवा बसतो. अशा वेळी एक्सल आणि त्याला आवळून धरणारा पिंच बोल्ट सैल करा, हँडल धरून शॉक वरखाली करा आणि पुन्हा आवळा. ब्रेक उघडायची गरजच नाही.

आता हँडलपाशी या. लिव्हरच्या टोकाला सुरुवातीला थोडा मोकळा प्ले, म्हणजे जोर न लागता हलायची जागा, हवी. गाडी पडून लिव्हर वाकली असेल किंवा बाजारातली भलतीच लिव्हर बसवली असेल, तर ती मास्टरच्या पिस्टनला सदोदित थोडं दाबून ठेवते. मग ते परतीचं भोक उघडतच नाही. लिव्हरचा पिव्हट बोल्ट काढा आणि लिव्हर बाजूला घ्या. चाक सुटलं? मग दोष लिव्हरमध्ये. इतक्या स्वस्तात सुटणारा दुसरा दोष नाही.

मग टाकीचं झाकण. झाकणाचे स्क्रू जुन्या गाडीवर हमखास झिजलेले असतात, म्हणून नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि जोर देऊन दाबतच फिरवा. टाकीखाली ओलं फडकं गुंडाळा. ब्रेक ऑईल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. ऑईल काठोकाठ भरलेलं असेल तर तेच कारण असू शकतं, कारण तापल्यावर फुगायला जागाच नाही. ‘अप्पर’च्या रेघेच्या वर ऑईल कधी नको.

एवढ्यावर सुटलं नाही, तर आता खरी परीक्षा. कॅलिपरवर रबरी टोपीखाली ब्लीड निपल असतं, पुष्कळ गाड्यांना ८ नंबरचा रिंग पान्हा बसतो. पान्हा अडकवा, निपलवर पारदर्शक नळी चढवा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा. चाक धरलेलं असताना निपल पाव फेरा सैल करा.

ऑईलची पिचकारी आली आणि चाक सुटलं, तर दाब कोंडला होता. कॅलिपरच्या पिस्टनला दोष देऊ नका, दोष वर आहे. निपल उघडूनही चाक तसंच जड राहिलं, तर दाबाचा संबंध नाही. पिस्टन किंवा पिना गंजल्या-मळल्या आहेत.

दाब कोंडला असेल तर आणखी एक पाऊल. निपल बंद करा, ब्रेक पुन्हा दाबून धरवा, आणि या वेळी वर मास्टर सिलिंडरवर होज जिथे लागतो तो बँजो बोल्ट फडकं गुंडाळून किंचित सैल करा. इथे चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर दोषी. इथे सुटत नाही, पण खाली निपल उघडल्यावर सुटतं, तर मधला होज पाईप आतून फुगला आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतलं रबर सुजून भोक आवळलेलं असतं. हाताचा जोर ऑईल पुढे ढकलतो, परत यायला मात्र तेवढा जोर कुणाकडे नसतो. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत होज दर ४ वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो गाडीबरोबर भंगारातच जातो. होज दुरुस्त होत नाही, नवा टाका आणि बँजोचे तांब्याचे वॉशरही नवे घ्या.

मास्टर सिलिंडरचं भोक

झाकण काढा, डोळ्यांवर चष्मा लावा. लिव्हर अगदी हळू, नखभर दाबा आणि टाकीच्या तळाकडे पाहा. भोक साफ असेल तर दाबाच्या सुरुवातीलाच तिथून ऑईलची छोटीशी उकळी वर येते. काहीच हालचाल नसेल तर भोक बुजलं आहे. काही गाड्यांत त्यावर पत्र्याची छोटी चकती असते, ती अलगद काढावी लागते. टाकीतलं ऑईल सिरिंजने ओढून घ्या, तळ स्वच्छ फडक्याने पुसा. तळाशी काळपट लगदा दिसेल, तो ढवळून आत जाऊ देऊ नका. मग जुन्या ॲक्सिलेटर केबलची एकच बारीक तार सोडवून ती भोकात अलगद घाला. ड्रिल किंवा जाड सुई नको, भोक मोठं झालं किंवा कडेला बुर (धारदार कड) आला तर आतला रबरी वॉशर कापला जातो आणि ब्रेक लागेनासा होतो. नवं ऑईल घालून लिव्हर हलकेच दाबा. उकळी दिसली की काम झालं.

तरीही दाब राहत असेल तर आतला पिस्टन परत येताना अडकतोय. त्यासाठी सर्क्लिप पक्कड लागते आणि मास्टर किट (आतल्या पिस्टन-रबरांचा नवा संच) टाकावं लागतं. सिलिंडरच्या आत खड्डे दिसले तर किटवर पैसे घालू नका, पूर्ण मास्टर सिलिंडर बदला.

कॅलिपर

जुन्या गाड्यांत बहुधा पिस्टन एकाच बाजूला असतात आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिना अडकल्या की एक पॅड झिजून पत्र्याला येतो आणि दुसरा जवळजवळ नवा राहतो. असे असमान पॅड दिसले की आधी पिनांकडे जा. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, कॅलिपर डिस्कवरून उतरवा आणि तारेने शॉकला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका. पॅड काढा. पिना ओढून बाहेर घ्या. कुठली वरची, कुठली खालची, ते लक्षात ठेवा, त्या सारख्या नसतात. जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, पिनांचे रबरी बूट फाटले असतील तर बदला. ग्रीस मात्र रबराला चालणारं सिलिकॉनचंच. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे लावलं की बूट फुगतात आणि पिना पूर्वीपेक्षा घट्ट बसतात.

आता पिस्टन. पॅड काढलेलेच आहेत. कॅलिपरमध्ये लाकडाची जाड पट्टी ठेवा आणि लिव्हर हळूहळू दाबून पिस्टन थोडे बाहेर आणा, पूर्ण नव्हे. दोन पिस्टन असतील आणि एकच बाहेर येत असेल, तर मोकळा हाताने दाबून धरा म्हणजे अडकलेला हलेल. जो भाग आता उघडा पडला, तिथे धुळीचा आणि पॅडच्या भुकटीचा काळा पट्टा दिसेल. तो तसाच आत ढकलला की सील फाटतं. जुना टूथब्रश आणि ताजं ब्रेक ऑईल घेऊन पिस्टन फिरवत सगळीकडून घासा, पुसा, मग दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबा. आत दाबताना वरच्या टाकीत ऑईल चढतं, लक्ष ठेवा. हे बाहेर-आत दोन-तीनदा केल्यावर पिस्टन हाताने दबायला लागला, तर सील बदलायची गरज नाही.

नाही दबला, तर पिस्टन पूर्ण काढावे लागतील. तेही लिव्हरनेच ढकलत काढा. कंप्रेसरची हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट मध्ये असलं तर मोडतं. सील बाहेर काढल्यावर ज्या खाचेत ते बसलं होतं तिथे नखाने चाचपून पाहा. पांढरा, कडक थर लागेल. ॲल्युमिनियमचा हा गंज सीलच्या मागे साचतो आणि सीलला आतून पिस्टनवर दाबत राहतो. नवं सील घातलं आणि हा थर तसाच ठेवला, तर ब्रेक पुन्हा धरणारच. किट टाकूनही दोष परत येण्याचं मोठं कारण हेच आहे. लाकडाच्या टोकदार काडीने किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्याने खाच चारी बाजूंनी खरवडा. स्क्रूड्रायव्हर नको, खाचेला ओरखडा पडला की ऑईल गळतं. पिस्टनच्या क्रोमवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही नवा. पॉलिश पेपरने घासून तो परत टाकायचा नाही.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, डब्ल्यूडी-फोर्टी, इंजिन ऑईल यांपैकी काहीही ब्रेकच्या आतल्या रबराला लागता कामा नये. सील फुगतात. धुवायला ब्रेक ऑईल किंवा ब्रेक क्लीनर, आणि सील बसवताना ताज्या ब्रेक ऑईलचाच हात.

पॅडच्या मटेरिअलवरची खूणखाच संपत आली असेल तर पॅड बदला. डिस्कवर ‘मिन’ म्हणून कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याखाली डिस्क गेली असेल तर तीही.

एअर काढणं

झाकणावर जो नंबर लिहिलाय तेच ऑईल घाला, आणि सीलबंद डब्यातलं. अर्धा वापरून वर्षभर कपाटात ठेवलेला डबा नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑईल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं. आमच्याकडच्या ओल्या पट्ट्यात तर यात सवलत नाहीच.

कॅलिपर बसवून टाकी भरा. लिव्हर सावकाश तीन-चार वेळा दाबा आणि दाबून धरा. निपल पाव फेरा उघडा, नळीतून बुडबुडे जातील, लिव्हर हँडलकडे जाईल. लिव्हर दाबलेली असतानाच निपल बंद करा, मगच सोडा. क्रम चुकला की हवा उलटी आत शिरते. नळीतून स्वच्छ ऑईल, एकही बुडबुडा नाही, असं होईपर्यंत चालू ठेवा. मध्ये टाकी रिकामी झाली तर पहिल्यापासून. निपल हलक्या हाताने आवळा, ते पोकळ असतं आणि जोर लावला तर कॅलिपरमध्येच तुटतं.

ड्रम ब्रेक असेल तर

सीडी हंड्रेड, आरएक्स हंड्रेड, जुनी स्प्लेंडर यांना पुढे ड्रम. इथे ऑईलचा प्रश्न नाही. आधी चाकापाशी केबल कॅमच्या (आतले लायनर फाकवणाऱ्या दांड्याच्या) लिव्हरमधून सोडवा. ही चाकापाशी असलेली लिव्हर हाताने हलवा: झटकन परत आली तर केबल दोषी, रेंगाळली तर आतला कॅम कोरडा पडला आहे. केबलची एकही तार तुटून फुलली असेल तर केबल बदला, तेल घालून वेळ काढू नका. कॅमसाठी चाक काढून पॅनल बाहेर घ्या. आतली भुकटी तोंडाने किंवा हवेने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. कॅम ओढून काढा, गंज घासा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, लायनरला लागू देऊ नका. लायनरच्या स्प्रिंगा ताणलेल्या दिसल्या तर बदला. चाक बसवताना एक्सलचा नट आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा म्हणजे लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. हँडलवरच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर प्ले ठेवा.

चालवून बघणं

गाडी स्टँडवरून काढण्याआधी लिव्हर टणक होईपर्यंत दाबा. पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन-चार दाबांना ब्रेक लागतच नाही, आणि हे विसरून गाडी गल्लीत काढणं धोक्याचं आहे. लिव्हर घट्ट दाबून धरा आणि बँजो, निपल, पिस्टनच्या कडा कोरड्या आहेत का पाहा. पहिली चक्कर सपाट, मोकळ्या रस्त्यावर. नवे पॅड असतील तर सुरुवातीचे काही किलोमीटर जोरात ब्रेक न मारता हलके-हलके दाबत बसू द्या.

मग एक-दोन किलोमीटर फक्त मागच्या ब्रेकवर गाडी चालवून थांबा आणि पुढच्या डिस्कवर ओल्या बोटाने पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर चाक मोकळं आहे. चर्र झालं तर ब्रेक अजून घासतोय, पुन्हा निपलच्या चाचणीपासून सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली ऑईलची पातळी आणि कॅलिपरचे बोल्ट परत तपासा, यवतेश्वरचा चढ-उतार त्यानंतर. काढलेलं ऑईल गटारात किंवा परड्यात ओतू नका. बाटलीत भरून झाकण लावा, बाटलीवर नाव लिहा आणि गॅरेजच्या जुन्या ऑईलच्या पिंपात न मिसळता वेगळं द्या.